ओळख एका देशाची : बुर्किना फासो, कापूस पिकवणारा आपला दूरचा शेजारी



बुर्किना फासो हे नाव आपल्यापैकी थोड्याच जणांच्या कानावरून गेले असेल. पश्चिम आफ्रिकेतील हा देश आपल्याकडच्या वर्तमानपत्रात येतो तो लष्करी उठावाच्या किंवा अतिरेकी हल्ल्याच्या बातमीत, आणि तीही आतल्या पानावर चार ओळींत. तरीसुद्धा आपण नागपूरकरांनी या देशाची नीट ओळख करून घ्यावी असे एक कारण आहे. ते कारण म्हणजे कापूस.

वर्धा, यवतमाळ, अमरावती या जिल्ह्यांत आपल्यापैकी कित्येकांचे नातेवाईक आहेत, गावाकडे थोडीफार शेती आहे. कापसाच्या घरात पावसाची वाट कशी पाहिली जाते, चुकारे हातात पडेपर्यंत दुकानदाराची उधारी कशी वाढते, हे आपल्याला सांगावे लागत नाही. हीच चिंता घेऊन जगणारी लाखो माणसे बुर्किना फासोमध्ये आहेत. त्यांचा देश कसा आहे, माणसे कशी आहेत, त्यांचे पोट कशावर चालते आणि त्यांच्या कापसाची व आपल्या कापसाची गाठ कुठे पडते, हे या लेखात समजून घेऊ.

देश कुठे आहे?

आफ्रिकेच्या नकाशात पश्चिमेकडे जो फुगवटा दिसतो, त्याच्या मधोमध हा देश आहे. त्याला समुद्रकिनारा नाही. चारही बाजूंनी सहा देश आहेत : उत्तरेला व पश्चिमेला माली, पूर्वेला नायजर, आग्नेयेला बेनिन, दक्षिणेला टोगो आणि घाना, नैर्ऋत्येला आयव्हरी कोस्ट. क्षेत्रफळ सुमारे २ लाख ७४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडे कमी. लोकसंख्या मात्र २०१९ च्या जनगणनेनुसार सुमारे २ कोटी ५ लाख. आपल्या राज्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी.

राजधानीचे नाव वागादुगू. अक्षांश पाहिले तर ती आपल्या म्हैसूरच्या रांगेत येते. दुसरे मोठे शहर बोबो-दियुलासो. ते नैर्ऋत्येकडच्या कापूस पट्ट्याचे केंद्र आहे. समुद्र नसल्यामुळे देशाचा माल बाहेर पाठवायचा किंवा बाहेरून आणायचा तर शेजाऱ्यांच्या बंदरांवर अवलंबून राहावे लागते. आयव्हरी कोस्टमधील आबिजान बंदरापासून निघालेला लोहमार्ग १९३४ मध्ये बोबो-दियुलासोला आणि १९५४ मध्ये वागादुगूला पोहोचला. शेजारी देशात गडबड झाली की इथल्या मालाची वाट अडते.

जमीन, पाऊस आणि नद्या

देशाचा बराचसा भाग सपाट पठाराचा आहे. सर्वांत उंच शिखरसुद्धा ७५० मीटरच्या आतच आहे. माती बहुतेक ठिकाणी तांबूस, मुरमाड आणि लवकर कडक होणारी. विदर्भातील काळ्या मातीसारखी ओल धरून ठेवण्याची ताकद तिच्यात नाही.

पाऊस वर्षातून एकदाच, साधारण जून ते सप्टेंबर. दक्षिणेकडे तो हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. उत्तरेकडे जावे तसा कमी होत जातो आणि सहारा वाळवंटाच्या कडेला त्याच्या निम्म्याहून कमी होतो. या वाळवंटाच्या कडेच्या पट्ट्याला ‘साहेल’ म्हणतात. हा अरबी शब्द असून त्याचा अर्थ किनारा. हिवाळ्यात सहाराकडून कोरडा, धुळीचा वारा येतो. त्याला ‘हार्मातान’ म्हणतात. मार्च ते मे या महिन्यांतील उन्हाळा आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याची आठवण करून देईल असा असतो.

मुख्य नद्या तीन : मूहून, नाकांबे आणि नाझिनोन. पूर्वी त्यांना काळी, पांढरी आणि तांबडी व्होल्टा म्हणत. त्यांपैकी बारा महिने वाहते ती मूहून. बाकी नद्या उन्हाळ्यात आटतात. १९६८ ते १९७४ या काळात आणि पुन्हा १९८३-८४ मध्ये साहेलमध्ये भीषण दुष्काळ पडला. पिके गेली, गुरे मेली आणि माणसे दक्षिणेकडे निघाली.

नाव आणि इतिहास

पंधराव्या शतकाच्या सुमारास या भूमीवर मोसी लोकांची राज्ये उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांनी ती जिंकली. १९१९ मध्ये त्यांनी ‘अप्पर व्होल्टा’ नावाची वसाहत केली. १९३२ मध्ये ती मोडून तिचे तुकडे शेजारच्या वसाहतींना वाटून टाकले, आणि १९४७ मध्ये पुन्हा जोडले. असे का? कारण या प्रदेशाकडे राज्यकर्ते प्रामुख्याने मजुरांचे आगर म्हणून पाहत होते. इथली माणसे आयव्हरी कोस्टच्या मळ्यांवर आणि रेल्वेच्या कामावर नेली जात. १९२० च्या दशकात शेतकऱ्यांकडून सक्तीने कापूस पिकवून घेतला गेला. ज्या पिकावर आज लाखो कुटुंबे जगतात, त्याची अशी कडू आठवण तिथल्या वडीलधाऱ्यांनी पुढच्या पिढीला सांगितली.

५ ऑगस्ट १९६० रोजी देश स्वतंत्र झाला. पुढे उठावामागून उठाव झाले. १९८३ मध्ये थॉमस सांकारा हा तरुण लष्करी अधिकारी सत्तेवर आला. त्याच्या काळात काही आठवड्यांत सुमारे २५ लाख बालकांना लसी टोचण्यात आल्या, झाडे लावली गेली आणि मंत्र्यांच्या आलिशान गाड्या विकण्यात आल्या. त्याच वेळी विरोधकांना आणि कामगार संघटनांना त्याने कठोरपणे दडपले, हेही खरे. ४ ऑगस्ट १९८४ रोजी त्याने देशाला नवे नाव दिले. ‘बुर्किना’ हा मोरे भाषेतील शब्द. अर्थ ताठ मानेची, सचोटीची माणसे. ‘फासो’ हा दियुला भाषेतील. अर्थ वडिलांचे घर, मायभूमी. नागरिकांना ‘बुर्किनाबे’ म्हणतात. त्यातील ‘बे’ हा प्रत्यय फुलानी भाषेतून घेतला आहे. तीन भाषा एका नावात आणून सगळ्यांना सामावून घेण्याचा हा प्रयत्न होता. १५ ऑक्टोबर १९८७ रोजी सांकाराची हत्या झाली आणि त्याचा सहकारी ब्लेझ कोंपाओरे सत्तेवर आला. २०१४ मध्ये लोक रस्त्यावर उतरले तेव्हा त्याला देश सोडावा लागला. २०२२ मध्ये एप्रिलमध्ये न्यायालयाने सांकाराच्या हत्येसाठी त्याला त्याच्या गैरहजेरीत दोषी ठरवले.

माणसे आणि चालीरीती

देशात साठहून अधिक जमाती राहतात. निम्मे लोक मोसी आहेत. त्याखेरीज गुरे पाळणारे फुलानी, तसेच गुर्मा, बोबो, सेनुफो, बिसा, लोबी, दागारा असे अनेक समाज आहेत. मोसींचा राजा ‘मोगो नाबा’ याला आज राज्यकारभार नाही, पण मान मोठा आहे. दर शुक्रवारी सकाळी वागादुगूच्या राजवाड्यासमोर एक विधी होतो. राजा लढाईला निघतो असे दाखवले जाते आणि दरबारी त्याला विनवून परत फिरवतात.

या देशातील एक चाल आपल्याला लगेच समजेल. आपल्याकडे मेहुणा-मेहुणी, दीर-भावजय, व्याही-विहीण यांच्यात थट्टेची मुभा असते आणि त्यात कोणी रागवायचे नसते. तिकडे अशी थट्टेची नाती दोन कुटुंबांतच नव्हे, तर दोन जमातींत असतात. मोसी आणि सामो, बोबो आणि फुलानी एकमेकांना भर बाजारात वाटेल ते टोमणे मारतात. समोरच्याने हसून उलट टोमणा द्यायचा, भांडायचे नाही. वाद चिघळू लागला की अशाच नात्यातील माणूस मध्ये पडतो आणि वातावरण निवळते. इतक्या जमाती वर्षानुवर्षे शेजारी नांदल्या, त्यात या प्रथेचा वाटा मोठा मानला जातो.

वसाहतकाळापासून फ्रेंच ही राजभाषा होती. २०२३ च्या अखेरीस घटनेत बदल करून देशातील भाषांना राजभाषेचा दर्जा देण्यात आला आणि फ्रेंच केवळ कामकाजाची भाषा राहिली. कलेच्या क्षेत्रातही या गरीब देशाने नाव कमावले आहे. आफ्रिकी चित्रपटांचा सर्वांत मोठा महोत्सव १९६९ पासून वागादुगूत भरतो.

ताटातील नाते

तिथल्या गरिबाच्या ताटात काय असते? ज्वारी, बाजरी आणि मका. पिठाचा घट्ट शिजवलेला, उकडीसारखा गोळा भेंडीच्या किंवा पाल्याच्या कालवणाबरोबर खातात. लाल अंबाडीच्या बोंडांचे सरबत घरोघरी होते. ज्वारीपासून बायका घरगुती मद्यही बनवतात.

हे साम्य योगायोगाचे नाही. बाजरीचे मूळ घर पश्चिम आफ्रिकेतील साहेल पट्टा आहे आणि ज्वारीचे मूळ आफ्रिकेच्या पूर्व भागात, सुदानच्या बाजूला. हजारो वर्षांपूर्वी ही धान्ये तिकडून भारतात आली आणि आपली झाली. आपण ज्या भाकरीला अस्सल मराठी समजतो, तिचे पहिले बियाणे आफ्रिकेतील शेतकऱ्यांनी निवडून वाढवले आहे. मदत नेहमी आपणच त्यांना करायची असे नाही. त्यांचे देणे आपण केव्हापासून खात आलो आहोत.

झाडांचेही तसेच. तिथल्या रानात शिया नावाचे झाड असते. त्याच्या बिया बायका गोळा करतात आणि त्यांतून निघणारे लोण्यासारखे तेल स्वयंपाकात, औषधात वापरतात. चॉकलेट आणि सौंदर्यप्रसाधनांसाठी ते परदेशी जाते. हे झाड आपल्या मोहाच्याच कुळातील आहे. गडचिरोली-गोंदियाकडे मोहाच्या बियांचे तेल काढणाऱ्या बायकांना ते काम पाहून परके वाटणार नाही.

ख्रिस्तसभा

२०१९ च्या जनगणनेनुसार सुमारे ६४ टक्के लोक मुस्लिम, २० टक्के कॅथलिक, ९ टक्के पारंपरिक धर्म पाळणारे आणि ६ टक्के प्रोटेस्टंट आहेत. एकाच कुटुंबात मुस्लिम आणि ख्रिस्ती भावंडे असणे तिथे नवलाचे नाही. नाताळला आणि ईदला एकमेकांच्या घरी जाण्याची रीत आहे.

‘व्हाइट फादर्स’ या नावाने ओळखले जाणारे आफ्रिकेचे मिशनरी १९०० मध्ये कूपेला येथे आणि पुढच्या वर्षी वागादुगूला आले. या देशातील पहिला ख्रिस्ती मानला जाणारा दिबान हा तरुण गुलाम म्हणून पकडला गेला होता. तो निसटला आणि शेजारच्या मालीमध्ये मिशनऱ्यांच्या आश्रयाला गेला. त्याचा मुलगा जोसेफ की-झेर्बो पुढे आफ्रिकेचा नामवंत इतिहासकार झाला. १९५६ मध्ये द्येदोने यूगबारे कूपेलाचे बिशप झाले. फ्रेंच पश्चिम आफ्रिकेतील ते पहिले आफ्रिकी बिशप. आपल्याकडची तुलना करायची तर आन्सीहून आलेल्या फ्रान्सेलियन मिशनऱ्यांनी वाढवलेल्या नागपूर धर्मप्रांताची स्थापना १८८७ ची, आणि युजीन डिसूझा हे भारतीय बिशप इथे आले १९५१ मध्ये. दोन्हीकडची ख्रिस्तसभा जवळपास एकाच काळात आपल्या माणसांच्या हाती आली.

१० मे १९८० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी वागादुगूत उभे राहून साहेलमधील तहानेल्या माणसांसाठी साऱ्या जगाला हाक दिली. त्यातून १९८४ मध्ये साहेलसाठी त्यांच्या नावाचे प्रतिष्ठान स्थापन झाले. पाणी, जमीन आणि स्थानिक तरुणांचे प्रशिक्षण यांसाठी ते काम करते.

कापूस : पेरणीपासून विक्रीपर्यंत

आता मुख्य विषयाकडे वळू. देशातील बहुसंख्य लोक शेतीवर जगतात. अनेक वर्षे कापूस हेच निर्यातीचे पहिले पीक होते. २००० च्या दशकाच्या मध्यास सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत बुर्किना फासो कापूस उत्पादनात पहिल्या क्रमांकावर होता. पुढे बेनिन त्याच्या पुढे गेला.

शेती आपल्या विदर्भासारखीच कोरडवाहू. घरची माणसे राबतात, वेचणी हाताने होते आणि वेचणीत बायकांचा वाटा मोठा. विक्रीची पद्धत मात्र वेगळी आहे. कापूस कंपन्या तीन : १९७९ मध्ये स्थापन झालेली सरकारी वर्चस्वाची सोफितेक्स, आणि २००४ पासूनच्या फासो कोतोन व सोकोमा. प्रत्येकीचा भाग ठरलेला. कंपनी बियाणे, खत, औषध उधारीवर देते, पेरणीपूर्वी भाव जाहीर करते आणि त्या भागातील सगळा कापूस विकत घेऊन उधारी कापून पैसे देते. गाव रस्त्यालगत असो की आडवळणी, भाव एकच. कापसाच्या नावावर मिळालेल्या खताचा थोडा भाग मक्याला जातो, त्यामुळे घरचे धान्यही पिकते.

आपल्या जुन्या मंडळींना यावरून महाराष्ट्राची कापूस एकाधिकार खरेदी योजना आठवेल. ती १९७२ मध्ये सुरू झाली आणि सुमारे तीन दशके चालली. व्यापाऱ्याच्या मनमानीपासून शेतकऱ्याला वाचवणे हा दोन्हींचा हेतू, आणि चुकारे उशिरा मिळणे हे दोन्हींचे दुखणे.

तिकडची पद्धत निर्दोष आहे असे मुळीच नाही. उधारी गटाच्या नावावर असते. गटातील एकाचे पीक बुडाले की बाकीच्यांच्या पैशातून त्याची उधारी कापली जाते. त्यातून भाऊबंदकी झाली, गावे फुटली. म्हणून १९९६ पासून एकमेकांवर विश्वास असलेल्यांनीच गट करावेत अशी सुधारणा झाली. या गटांचा राष्ट्रीय संघ उभा राहिला आणि त्याला सोफितेक्समध्ये भागीदारीही मिळाली. तरी २०११ मध्ये जाहीर झालेला भाव परवडत नाही म्हणून अनेक शेतकऱ्यांनी कापूस पेरायला नकार दिला. आपल्याकडे उधारी एकट्याच्या डोक्यावर असते. तिथे ती दहाजणांत वाटली जाते. पण बाहेरून येणाऱ्या भावापुढे दहाजणही कधी कधी एकट्याइतकेच दुबळे ठरतात.

भाव कोण ठरवतो?

बुर्किना फासोत कापूस पिकतो, पण सूत फार थोडे निघते. जवळपास सगळी रुई गाठी बांधून परदेशी जाते. म्हणजे भाव ठरतो तो परदेशी बाजारात. २००१-०२ च्या हंगामात जगात कापसाचा भाव जवळपास तीस वर्षांतील नीचांकाला गेला. त्याच काळात अमेरिकेतील सुमारे २५ हजार कापूस उत्पादकांना त्यांचे सरकार अब्जावधी डॉलरचे अनुदान देत होते. भाव पडला तरी त्यांचे नुकसान भरून निघत होते, म्हणून ते पेरत राहिले. जास्त माल बाजारात आल्याने भाव आणखी पडला. मार बसला तो ज्यांना कोणतेच अनुदान नव्हते त्यांना.

२००३ मध्ये बुर्किना फासो, माली, बेनिन आणि चाड हे चार गरीब देश एकत्र आले. त्यांनी जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली की ही अनुदाने बंद करा आणि तोपर्यंत आमच्या शेतकऱ्यांना भरपाई द्या. त्यांचे म्हणणे साधे होते : आम्हाला भीक नको, बाजार न्यायाचा हवा. त्याच वर्षी मेक्सिकोतील कानकून येथे झालेली परिषद फसली. २०१५ मध्ये नैरोबीला कापसावरील निर्यात अनुदाने संपवण्याचे ठरले. पण देशांतर्गत अनुदानांचा प्रश्न तसाच राहिला. या चार देशांच्याच पुढाकाराने २०१९ पासून ७ ऑक्टोबर हा जागतिक कापूस दिन पाळला जातो.

याच वर्षांत विदर्भात काय चालले होते हे आपण जाणतो. पडलेला भाव, वाढता खर्च, सावकाराचे कर्ज आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. कारणे अनेक होती, पण त्यांपैकी एक धागा थेट त्याच जागतिक बाजारापर्यंत जात होता. आजही ते बदललेले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले आणि ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. अमेरिकेने आपल्या कापडावर वाढवलेल्या शुल्काने गिरण्या अडचणीत आल्या होत्या, त्यांना दिलासा हवा होता. पण नवा कापूस घरात येण्याच्या तोंडावर भाव पडेल, म्हणून शेतकरी संघटनांनी विरोध केला. गिरणीतील कामगार आणि शेतातील कुटुंब, दोघांचाही प्रश्न पोटाचाच.

बियाणे आणि कीड

बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. बुर्किना फासोत त्याची व्यापारी लागवड २००८ मध्ये सुरू झाली. फवारण्या कमी झाल्या; पण धाग्याची लांबी घटली आणि सरकीतून रुईचा उतारा कमी पडू लागला. त्यांचा कापूस लांब धाग्यासाठी ओळखला जाई, त्यावरच भाव मिळे. म्हणून २०१६ पर्यंत कंपन्यांनी बीटी बंद करून पुन्हा साधे बियाणे आणले. आपल्याकडे अडचण दुसरीकडून आली. गुलाबी बोंडअळीला बीटीची सवय झाली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात तिने मोठे नुकसान केले. फवारणीच्या विषबाधेने त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात मजूर व शेतकरी दगावले.

कीडही आता परकी राहिलेली नाही. आपल्याकडच्या कापसावरील तुडतुडे पश्चिम आफ्रिकेत पोहोचले आणि २०२२ च्या हंगामात त्यांनी बुर्किना फासोसह अनेक देशांतील कापूस करपवला. ज्या किडीशी आपले शेतकरी पिढ्यान्पिढ्या झगडत आले, तिची ओळख तिथल्या शेतकऱ्याला नव्हती. अशा वेळी आपला अनुभव त्यांच्या उपयोगी पडू शकतो.

नागपूरचा दुवा

हा अनुभव साठवणारी संस्था आपल्याच शहरात आहे. वर्धा रोडवरील पांजरी येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून काम करते. अमरावती रोडवर वाडी येथे कापसातून सरकी वेगळी करण्याचे, म्हणजे जिनिंगचे प्रशिक्षण केंद्र आहे. २०१२ मध्ये भारत सरकारने आफ्रिकेतील कापूस उत्पादक देशांसाठी तांत्रिक साहाय्याचा कार्यक्रम सुरू केला. त्यात बुर्किना फासो होता आणि नागपूरच्या या संस्थांचा सहभाग होता. नागपुरात बनलेली जिनिंगची यंत्रेही आफ्रिकेत जातात. रस्त्यात एखादा आफ्रिकी पाहुणा दिसला तर तो कदाचित आपल्यासारख्याच कापसाच्या गावातून आलेला असेल.

दुसरा दुवा कापडाचा. बुर्किना फासोत हातमागावर पट्ट्यापट्ट्यांचे जाड सुती कापड विणतात. त्याला ‘फासो दान फानी’ म्हणतात. सांकाराने सरकारी अधिकाऱ्यांना हेच कापड घालायला लावले, म्हणजे गावातील विणकर बाईच्या हाताला काम मिळेल. वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहून गांधीजींनी खादीबद्दल जे सांगितले, त्याच्याशी हे किती जुळते! कच्चा माल विकणारा गरीब राहतो आणि त्याचे कापड करणारा कमावतो, हे दोघांनाही कळले होते. १८७७ मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल आज उरलेली नाही. हातमागही कमी झाले. तेव्हा हा धडा आपल्यासाठीही जुना झालेला नाही.

सोने, स्थलांतर आणि जमीन राखणारे हात

२००९ च्या सुमारास सोन्याने कापसाला मागे टाकले. आज निर्यातीचा सर्वांत मोठा वाटा सोन्याचा आहे. मोठ्या खाणींबरोबरच हाताने खणलेल्या खोल खड्ड्यांतून हजारो माणसे, त्यांत मुलेही, जीव धोक्यात घालून सोने काढतात. लाखो बुर्किनाबे आयव्हरी कोस्टच्या कोको मळ्यांवर राबतात आणि घरी पैसे पाठवतात.

पण सगळेच निघून जात नाहीत. उत्तरेकडील यातेंगा भागातील याकुबा सावादोगो या शेतकऱ्याने १९८० च्या दुष्काळात जुन्या ‘झाय’ पद्धतीला नवे रूप दिले. उन्हाळ्यात कडक जमिनीत छोटे खड्डे खणायचे, त्यांत शेणखत टाकायचे. खताच्या ओढीने वाळवी येते आणि जमीन पोखरून मऊ करते. पहिल्या पावसाचे पाणी तिथेच मुरते आणि ज्वारी-बाजरी तग धरते. सोबत उताराला आडवे दगडी बांध. लोकांनी त्याला वेडा म्हटले, त्याचे रान जाळले. तो खणत राहिला आणि पडीक जमिनीवर जंगल उभे राहिले. २०१८ मध्ये त्याला ‘राइट लाइव्हलीहुड’ पुरस्कार मिळाला. डिसेंबर २०२३ मध्ये त्याचे निधन झाले. आपल्याकडे येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) भागातील गावांत पाणलोटाचे असेच काम उभे केले. पाणी अडवणे गावाने स्वतः हाती घ्यावे, हा दोघांचाही आग्रह होता.

आजचे संकट

२०१५ नंतर मालीच्या बाजूने सशस्त्र अतिरेकी गट देशात शिरले. १२ मे २०१९ रोजी दाब्लो येथे रविवारची मिस्सा चालू असताना फादर सिमेओं याम्पा आणि पाच श्रद्धावंतांना ठार करण्यात आले. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी एसाकान गावात प्रार्थनेला जमलेल्या पंधरा कॅथलिकांचा बळी गेला. त्याच दिवशी नातियाबोआनी येथील मशिदीत नमाज पढणारे कित्येक मुस्लिम मारले गेले. मरणाने तिथे धर्म पाहिला नाही. अतिरेक्यांना साथ देतात या संशयावरून फुलानी समाजाच्या निरपराध माणसांनाही जीव गमवावा लागला, आणि सैन्यावरही नागरिकांच्या हत्येचे गंभीर आरोप आहेत.

मार्च २०२३ पर्यंत २० लाखांहून अधिक लोकांना घरदार सोडावे लागले होते. २०२२ मध्ये दोनदा लष्करी उठाव झाला; सप्टेंबरच्या उठावातून कॅप्टन इब्राहिम त्राओरे सत्तेवर आले. जानेवारी २०२५ मध्ये माली आणि नायजरसह बुर्किना फासो पश्चिम आफ्रिकी देशांच्या आर्थिक संघटनेतून बाहेर पडला. शेत सोडून पळालेल्या कुटुंबाला ना कापूस, ना ज्वारी. थट्टेच्या नात्याने बांधलेली गावे आज एकमेकांकडे संशयाने पाहू लागली आहेत. हे नुकसान पैशात मोजता येणार नाही.

आपण काय घ्यावे?

बुर्किना फासो गरीब आहे तो तिथली माणसे कष्ट करत नाहीत म्हणून नव्हे. पाऊस लहरी आहे, माती हलकी आहे, समुद्र दूर आहे, आणि पिकवलेल्या मालाचा भाव त्यांच्या हातात नाही. विदर्भातील कापूस उत्पादकाचे तसेच आहे. एकाचे दुःख समजले की दुसऱ्याचे आपोआप समजते. पुढच्या वेळी बातमीत त्या देशाचे नाव आले तर आतले पान चटकन उलटू नका. आणि गावाकडचा कोणी दिवाळीत ‘यंदा भाव नाही’ म्हणाला, तर ‘तुमचे नेहमीचेच’ असे म्हणून विषय बदलू नका. त्याची उधारी किती, कुणाकडे, हे आपुलकीने विचारा. त्या एका प्रश्नाने एकट्याच्या डोक्यावरचे ओझे थोडे वाटले जाते.

वस्तीतील प्रार्थना गटांत चर्चेसाठी काही प्रश्न :

१. आपल्या ओळखीतील कापूस पिकवणाऱ्या एका कुटुंबाचा यंदाचा खर्च आणि उत्पन्न आपल्याला माहीत आहे का?

२. गटाच्या नावावर उधारी असण्याचे फायदे-तोटे कोणते? आपल्या बचत गटांचा अनुभव काय सांगतो?

३. कापड घेताना ते कुणी विणले याचा विचार आपण किती वेळा करतो?

४. थट्टेच्या नात्यांनी तिथे जसा सलोखा राखला, तसा आपल्या मोहल्ल्यात कशाने राखला जातो?

या रविवारी श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत बुर्किना फासोतील विस्थापित कुटुंबांची आणि विदर्भातील शेतकऱ्यांची एकत्र आठवण करू या.